रजिस्टरातली हिंदा

घराला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघायचं आणि गल्लीच्या टोकाशी जाऊन पुन्हा एकदा बघायला परत यायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. भाजीवाल्याने वजनावर एक वांगं जास्त टाकलं तर मी घरी येऊन पिशवी उपडी करतो आणि किडकं कुठलं ते शोधतो. इतिहासाच्या माणसाला हा स्वभाव फार उपयोगी, असं मला तरुणपणी वाटायचं. कागद बनावट असू शकतो, तारीख मागाहून टाकलेली असू शकते, लिहिणाऱ्याचा स्वतःचा काही मतलब असू शकतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. विषय होता खानदेशातल्या मुसलमानांचा रोजचा धर्मविचार. मोठमोठ्या ग्रंथांतला नव्हे, तर माग चालवणाऱ्याला, केळीच्या बागा घेणाऱ्याला, शिलाई करणाऱ्या बाईला धर्म नेमका कुठे अडतो आणि अडला की ती माणसं कुणाला विचारतात, हा. जळगावला नोकरीची पहिली तीन वर्षं काढली तेव्हा शेजारच्या एका निवृत्त मास्तरांनी मला उर्दू वाचायला शिकवलं होतं. शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून मी हा विषय घेतला. कारण इतकं साधं होतं की त्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही.

त्या वर्षांत मुसलमान बायकांच्या पोटगीवरून पेपरात रोज काही ना काही छापून यायचं, त्यामुळे ज्याला त्याला या विषयावर मत होतं. घरमालकांचं कापडाचं दुकान होतं. मारवाडी माणूस, बोलायला अतिशय गोड. माझ्या टेबलावर उर्दू कागद दिसल्यापासून ते भाड्याची पावती द्यायला स्वतः वर येऊ लागले आणि निघताना खोलीभर नजर फिरवू लागले. स्टाफरूममध्ये राज्यशास्त्राचे एक सहकारी होते, माझे मित्रच म्हणायचे. मी आत शिरलो की ते हात कपाळाला नेऊन आदाब करायचे आणि बाकीचे हसायचे. सोनगीरजवळच्या आमच्या गावाहून मोठा भाऊ आला, चहा घेतला, आईची तब्येत सांगितली आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "बठ्ठा गाव माले इचारस, तुना भाऊ तठे काय शिकस म्हणीसन. मी काय सांगू?" मी म्हटलं, इतिहास शिकतो म्हणून सांग. त्याचं समाधान झालं नाही, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं.

एका मशिदीच्या बाजूला लहानशा खोलीत एक वयस्कर मुफ्तीसाहेब बसत. दुपारच्या नमाजनंतर लोक त्यांच्याकडे सवाल घेऊन येत. फतवा म्हणजे हुकूम, आणि तोही कुणाच्या तरी विरुद्ध, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. प्रत्यक्षात तो विचारलेल्या प्रश्नाचा जबाब असतो. विचारणाऱ्याने लिहून आणलेला किंवा तोंडी सांगितलेला सवाल मुफ्तीसाहेब स्वच्छ अक्षरात उतरवून घेत, खाली जबाब लिहीत, आणि त्याची नक्कल हजेरीपटासारख्या लांबट रजिस्टरात ठेवत. आजूबाजूला सगळीकडे यंत्रमाग. त्यांची खटखट इतकी की समोरासमोर बसूनही मोठ्याने बोलावं लागे. लाइट गेली की माग एकदम गप्प होत आणि सवाल सांगणारा माणूसही मधेच थांबे, कारण इतका वेळ तो त्या आवाजाच्या आडोशाने बोलत असे. लाइट येईपर्यंत दोघेही भिंतीकडे बघत बसत.

मी जाऊन कामाचं स्वरूप सांगितलं. मुफ्तीसाहेब अस्सल धुळ्याचे. घरात उर्दू, माझ्याशी मराठी, आणि दारावरच्या भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस. त्यांनी ऐकून घेतलं आणि चार रजिस्टरं काढून पुढे ठेवली.

"वाचा. पण इथेच बसून. रजिस्टर खोलीबाहेर जाणार नाही आणि रजिस्टरातली गोष्टही खोलीबाहेर जाणार नाही. किताब लिहाल तेव्हा मला विचारून लिहा."

मी कबूल केलं. घरी येताना मात्र मनात पाल चुकचुकली. ओळख ना पाळख, आणि या माणसाने एवढ्या सहज रजिस्टरं का दिली? चारच का दिली? कपाटात आणखी किती असतील? दाखवायची वेगळी आणि ठेवायची वेगळी, असं तर नसेल?

रजिस्टरं मात्र अशी होती की मी जेवण विसरायचो. मागाच्या सुताला लावायची खळ हातावर वाळून बसली आणि तशीच वजू केली, म्हणजे नमाजआधीचे हातपाय धुतले, तर नमाज होते का? सुरत पॅसेंजरमध्ये मक्केकडे तोंड करून नमाज चालू असताना गाडीने वळण घेतलं तर आपणही वळायचं का? घड बाहेर पडण्याआधीच केळीची बाग विकली तर तो व्यवहार धरायचा का? रागाच्या भरात बायकोला तोडून टाकणारा शब्द बोलून गेलो, आता काय? ग्रंथांतला धर्म मला माहीत नव्हता, पण हा माहितीतला वाटत होता. आमच्या गावचे लोक जोशीबुवांना असंच काहीबाही विचारत.

आणि दर दोन पानांआड एक माणूस भेटत होता. झैद. झैदने बाग विकली. झैदने बापाच्या घरातला बहिणीचा हिस्सा दाबला. झैदने तलाक दिला आणि महिन्याभरात पुन्हा संसार मांडायचा म्हणतो. एका पानावर झैद मेलेला, मुलं वाटणीवरून भांडताहेत, आणि चार पानांनंतर झैद ठणठणीत, भावाच्या मागावरून तंटा करतोय. बक्र नावाचा दुसरा एक इसम त्याच्याशी सतत वाकड्यात. मी एक तक्ता केला. झैदचे किती माग, किती बागा, किती बायका. मेलेला माणूस पुढल्या पानावर जिवंत होतो, त्या अर्थी पानं मागाहून घातलेली असणार. माझी खात्री पटत गेली की हे मोहल्ल्यातलं बडं प्रस्थ आहे आणि मुफ्तीसाहेब त्याला पाठीशी घालताहेत. आज हसू येतं. पण संशयी माणसाला पुराव्याचा तुटवडा कधी पडत नाही.

त्याहून मोठी गोष्ट त्याच्या बायकोची. पानापानावर तिचं नाव एकच: हिंदा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बोट त्या शब्दावर ठेवून बसलो. हिंदा. म्हणजे हिंदू बाई. खरं नाव दडवायचं म्हणून नुसती जात लिहिलीय. मुफ्तीसाहेबांकडे बघितलं तर ते चष्मा पुसत होते आणि मला तो चष्मा पुसणंसुद्धा लबाडीचं वाटलं.

पुण्याच्या गाइडना मी सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचा सगळा जन्म मोडी कागदांत आणि पेशवाईच्या महसुलात गेलेला. त्यांनी उलट टपाली कळवलं की हा झैद सापडला तर प्रबंधाला कणा मिळेल. मुफ्तीसाहेबांना सरळ विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. विचारलं तर सावध होतील, ही भीती. ती खोली सवाल विचारण्यासाठीच होती, अडाण्यातला अडाणी माणूस तिथे येऊन विचारत होता, आणि शिकलेला मी तेवढा गप्प बसून तक्ते करत होतो.

त्याच दिवसांत एका दुपारी बुरखा घेतलेली एक बाई सासऱ्याबरोबर आली. मी उठून ओसरीवर बसलो. नेमकी लाइट गेली आणि तिचे दोन-चार शब्द बाहेर आले. आणखी एक महिना का, असं ती विचारत होती. सासरा मधूनमधून हो हो म्हणत होता. ती दोघं गेल्यावर मुफ्तीसाहेबांनी आपण होऊन सांगितलं. नवरा सुरतेला मागावर कामाला गेला तो परतला नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. माणसं पाठवून शोध घेतला. मग मुफ्तीसाहेब आणि मोहल्ल्यातले चार पंच बसले आणि तिला चार वर्षं थांबायला सांगितलं. ती मुदत पुढल्या महिन्यात भरत होती. ठरल्या दिवशी तिने पंचांसमोर येऊन पुन्हा सांगायचं, सासऱ्याने दुजोरा द्यायचा, मग नवरा मेला असं धरायचं, सुतकाचे दिवस पाळायचे, की ती मोकळी. तिला मागणीही आलेली होती.

"सासरा भला आहे," मुफ्तीसाहेब म्हणाले. "सून लेकीसारखी मार्गी लागावी म्हणतो. पण त्याच्या बायकोला हे ठाऊक नाही. ती अजून पोराचं ताट वाढते. होईपर्यंत कुणाला कळू नये, एवढीच त्याची अट."

मी मान हलवली. मुफ्तीसाहेब उठून गेल्यावर रजिस्टरात ते चार वर्षांपूर्वीचं पान शोधलं. तिथे लिहिलं होतं: झैद सुरतेला गेला आणि परतला नाही, हिंदाने किती वाट बघावी? मी पिशवीतला तक्ता काढून शेजारी ठेवला. म्हणजे झैद बेपत्ता नाहीच. तो तर बागा विकतोय, भावाशी भांडतोय. आणि इथे एका हिंदू बाईला आणून, बुरख्यात घालून, तिचं लग्न आणखी कुणाशी लावायचं चाललंय. भल्या सासऱ्याची गोष्ट माझ्या गळी उतरवायला रचलेली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये राज्यशास्त्राचे ते सहकारी एकटेच होते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. मी सगळं सांगितलं. सुरत, झैद, हिंदा, पुढल्या महिन्याची मुदत. त्यांनी आदाब केला नाही की हसले नाहीत. हातातला कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, मोहल्ला कुठला? मी तेही सांगितलं.

चौथ्या दिवशी साध्या वेशातला एक पोलीस त्या गल्लीत चौकशी करत फिरला. सुरतेला गेलेला झैद कोण, आणि त्याची हिंदू बायको कुठल्या घरात ठेवलीय? झैद कुणालाच माहीत नव्हता. पण सुरतेला जाऊन न परतलेला माणूस त्या गल्लीत एकच होता आणि त्याचं घर पोरासोरांनाही ठाऊक होतं. ती बाई हिंदू नाही हे पोलिसाला पाच मिनिटांत कळलं आणि तो पान खाऊन निघून गेला. त्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं. गल्लीच्या दृष्टीने ते तिथे सुरू झालं. सून दुसरं लग्न करणार हे कळलं, सासऱ्याचा त्यात हात आहे हे कळलं, आणि मुफ्तीसाहेबांच्या खोलीत सांगितलेली गोष्ट पोलिसांपर्यंत जाते, हेही कळलं.

मी दुपारी नेहमीसारखा गेलो तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. एरवी त्या वेळी दाराशी चपलांचे पाच-सहा जोड असायचे. मुफ्तीसाहेबांनी मला बसा म्हटलं नाही, पण हाकललंही नाही.

"हिंदू बाई कुठून आणलीत तुम्ही, सर?"

मी रजिस्टर उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं मूल विहिरीच्या काठावर चालताना दिसलं की माणसाचा चेहरा होतो, तसा झाला होता.

"हे अरबी नाव आहे. जुनं. त्याचा हिंदूशी काही संबंध नाही," ते म्हणाले. "आणि हे तिचंही नाव नाही. कुणाचंच नाही. सवालात खरं नाव लिहायचं नसतं. पुरुष असेल तर झैद, दुसरा पुरुष असेल तर बक्र, बाई असेल तर हिंदा. सगळ्या मुलखात जिथे जिथे सवाल लिहितात, तिथे झैदच बायको सोडतो आणि हिंदाच रडते. तुमच्या गणिताच्या पुस्तकात 'अ' एक काम दहा दिवसांत करतो आणि 'ब' पंधरा दिवसांत. त्या 'अ'चा पत्ता शोधायला गेला होतात कधी?"

तक्ता माझ्या पिशवीत होता. चार रजिस्टरांतल्या शेकडो माणसांचा मी एक माणूस केला होता आणि त्याला पकडायला निघालो होतो.

"खरं नाव लिहिलं तर उद्या सवाल घेऊन कोण येईल?" ते म्हणाले. "म्हणून नाव लपवतात. लपवायचं तेवढंच. बाकी सगळं उघडं लिहितात. तुम्ही उघडं होतं त्यावर शक घेतला आणि नाव तेवढं खरं मानलं."

मी माफी मागितली. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, त्यातही एक विचार आलाच, की आता रजिस्टरं बंद होतील आणि प्रबंध बुडेल. त्यांनी रजिस्टर बंद केलं नाही. मला ते अजून समजलेलं नाही. इतका राग गिळणारा माणूस मनात काही धरून असणार, असं वाटून मी पुढे कितीतरी दिवस वाट बघत राहिलो. काही झालं नाही.

झालं ते तिचं. आठ दिवसांनी सासरा आला आणि उभ्या उभ्या सांगून गेला की मुलाचं सुरतेहून पत्र आलं आहे, तो सुखरूप आहे. मुफ्तीसाहेबांनी पत्र दाखवा म्हटलं. तो म्हणाला, घरी आहे. कुणी जाऊन मागितलं तेव्हा म्हणाला, बायकोने कुठेतरी ठेवलंय. ते पत्र मोहल्ल्यात कुणीच बघितलं नाही. माझा स्वभाव संशयी, पण या बाबतीत माझ्याइतकाच संशय सगळ्यांना होता. बाप पोराला जिवंतपणी पुरतो, असं लोक त्याच्या तोंडावर बोलले होते आणि बायकोने दोन दिवस अन्न सोडलं होतं. त्याला पोरगा जिवंत करणं भाग पडलं. आणि नवरा जिवंत आहे असं त्याचा बाप सांगतोय म्हटल्यावर पंच काय करणार?

तरी मुफ्तीसाहेबांनी ठरला दिवस मोडला नाही. ती स्वतः आली, पत्र खोटं आहे असं म्हणाली, तर आपण सुरतेला पुन्हा माणूस पाठवू, असं त्यांनी पंचांना सांगितलं होतं. तो गुरुवार होता. मला त्यांनी ओसरीवर बसू दिलं. दुपारच्या नमाजनंतर चार पंच आले, पान-सुपारी झाली. बाईने बसायचं म्हणून मधे पडदा ओढलेला. मुफ्तीसाहेबांनी नवं रजिस्टर उघडून पेनात शाई भरून ठेवली. रस्त्यावर बुरखा दिसला की मी अर्धा उठायचो, आणि ती बाई पुढे निघून जायची. मी देवाला फारसं काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं. एक पंच उठला, मग दुसरा. संध्याकाळच्या आधीची अजान झाली तेव्हा मुफ्तीसाहेब उठले, पडदा बाजूला सारला आणि काही न लिहिता रजिस्टर मिटलं. तिला आदल्याच दिवशी जामनेरला एका नातेवाइकाकडे पाठवल्याचं आम्हाला नंतर कळलं.

त्या खोलीत पुढे माणसं आली, पण पूर्वीइतकी नाहीत. खळीचे, गाडीचे, केळीचे सवाल यायचे. घरातले सवाल यायचे थांबले. दुपारी मुफ्तीसाहेबांची नजर दाराकडे जायची हे मी बघत होतो. सहकाऱ्याशी मी भांडलो. तो म्हणाला, तूच सांगितलंस म्हणून मी सांगितलं. कामानिमित्त एकदा जामनेरला जाणं झालं. तिची चौकशी करावीशी वाटली, केली नाही. चौकशी करण्याचा अनुभव गाठीशी होता.

प्रबंध लिहायला घेतला तेव्हा कबूल केल्याप्रमाणे मी विचारायला गेलो. बाकीचे सवाल लिहीन, पण ते सुरतेचं प्रकरण वगळतो, असं म्हटलं. मुफ्तीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "लिहा," म्हणाले. "त्यात आता लपवायचं काय राहिलंय?" मी ते परवानगी म्हणून ऐकलं, कारण मला ते पान हवं होतं. त्यावर मी पंचवीस पानांचं प्रकरण लिहिलं. झैद आणि हिंदा ही नावं सवालात का घालतात याची लांबलचक टीप दिली. ती मला कशी कळली, हे टिपेत लिहिलं नाही.

नव्वदच्या सुरुवातीला पुण्याला तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक या विषयातले मोठे जाणकार होते. त्यांनी प्रबंध चाळत सांगितलं की सगळ्यांत मोलाचं प्रकरण बेपत्ता नवऱ्याचं आहे, असा जिवंत कागद त्यांनी मराठीत प्रथमच पाहिला. गाइड खुशीत माझ्याकडे बघत होते. मग परीक्षकांनी ते प्रकरण पुन्हा उघडलं आणि विचारलं, "पुढे या बाईचं काय झालं?"

मी म्हणालो, "रजिस्टरात त्याची नोंद नाही, सर."

त्यांनी मान डोलावली आणि समोरच्या कागदावर तसं लिहून घेतलं.